तिसऱ्या तारेतला करंट: असंतुलित फॉल्टच्या सिम्युलेशनच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च

विषय पक्का झाला. एक लहानसं वीजजाळं घ्यायचं, त्यावर असंतुलित फॉल्ट (तिन्ही फेजवर सारखे नसलेले शॉर्ट सर्किट) टाकायचे आणि सिमेट्रिकल कंपोनंट (असंतुलित करंटचे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झिरो सिक्वेन्स असे तीन भाग) वापरून फॉल्ट करंट काढणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये स्वतः लिहायचा. तयार सॉफ्टवेअर हे काम क्षणात करतं, पण आत काय चाललंय ते मला हाताने उलगडून बघायचं आहे.

जाळं मुद्दाम सरळ घेतलं. दोन टोकांना दोन जनरेटर, प्रत्येकापुढे एक ट्रान्सफॉर्मर, मध्ये १३२ केव्हीची एक लाइन. ट्रान्सफॉर्मर जनरेटरकडून डेल्टा (तीन वाइंडिंग त्रिकोणात) आणि लाइनकडून स्टार (तिन्हींचं एक टोक एकत्र), स्टारचा न्यूट्रल, म्हणजे ते एकत्र टोक, थेट जमिनीला. बेस १०० एमव्हीए. जनरेटर ११ केव्ही, पॉझिटिव्ह सिक्वेन्स रिअ‍ॅक्टन्स ०.१५, निगेटिव्ह ०.१७, झिरो ०.०५. ट्रान्सफॉर्मर ०.१०. लाइन ०.१५, आणि तिचा झिरो सिक्वेन्स त्याच्या तिप्पट, ०.४५. सगळे आकडे पर युनिट, म्हणजे बेसच्या पटीत. रेझिस्टन्स सध्या शून्य, फॉल्टपूर्वी लोड नाही, व्होल्टेज सगळीकडे १.०. १३२ केव्हीच्या बाजूला बेस करंट ४३७.४ अँपिअर येतो, ११ केव्हीला ५२४९.

बस म्हणजे जाळ्यातला जोडबिंदू. बस १ म्हणजे डाव्या जनरेटरचं टर्मिनल, बस २ म्हणजे डाव्या ट्रान्सफॉर्मरची १३२ केव्हीची बाजू. उजवीकडे बस ३ म्हणजे ट्रान्सफॉर्मरची १३२ केव्हीची बाजू आणि बस ४ म्हणजे जनरेटरचं टर्मिनल. जाळं दोन्ही बाजूंनी सारखं आहे, त्यामुळे बस २ आणि बस ३ ची उत्तरं तंतोतंत जुळलीच पाहिजेत. पहिली तपासणी फुकटात मिळाली.

४ मार्च

चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये मांडलेली कल्पना आज वहीत पुन्हा सोडवून बघितली. कोणतेही तीन असंतुलित फेजर (लांबी आणि कोन असलेल्या राशी) तीन संतुलित संचांत फोडता येतात: एक नेहमीच्या क्रमाने फिरणारा (पॉझिटिव्ह), एक उलट क्रमाने (निगेटिव्ह), आणि एक असा की ज्यात तिन्ही फेजर एकाच दिशेला असतात (झिरो). १२० अंशांनी फिरवणारा ऑपरेटर ‘ए’, आणि १ + ए + ए² = ०. गणित म्हणून बघितलं तर तीन बाय तीनचा मॅट्रिक्स, बस. पण संतुलित जाळ्यात हे तीन संच एकमेकांना अजिबात स्पर्श करत नाहीत, आणि गुंतलेले तीन फेज तीन स्वतंत्र सिंगल फेज सर्किट होऊन समोर येतात. दरवेळी हे नव्याने सुंदर वाटतं.

मॅट्रिक्स आणि त्याचा इन्व्हर्स प्रोग्रॅममध्ये घातला. यादृच्छिक फेजर देऊन पुढे-मागे फिरवून पाहिलं, बरोबर परत येतात.

६ मार्च

आजचा पूर्ण दिवस झिरो सिक्वेन्स जाळ्यात गेला, आणि जायलाच हवा होता. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह जाळी दिसायला सारखीच: निगेटिव्हमध्ये सोर्स नाही, जनरेटरचा आकडा थोडा वेगळा, एवढाच फरक. झिरोचं जाळं मात्र जोडणीच्या पद्धतीवर ठरतं. तिन्ही फेजमध्ये एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटला परतायला चौथी वाट लागते. डेल्टाच्या लाइनमध्ये ती वाट नसते. स्टारच्या बाजूने झिरो करंट आला की तो डेल्टाच्या वाइंडिंगमध्ये गोल फिरतो, बाहेर पडत नाही. म्हणून स्टारच्या बाजूने पाहिलं तर ट्रान्सफॉर्मर म्हणजे जमिनीला जोडलेला ०.१० चा रिअ‍ॅक्टन्स, आणि डेल्टाच्या बाजूने पाहिलं तर उघडं सर्किट.

बस २ वरून दिसणारे थेव्हेनिन (सगळ्या जाळ्याऐवजी धरायचे एकेकटे समतुल्य) रिअ‍ॅक्टन्स: पॉझिटिव्हसाठी डावीकडून ०.२५ आणि उजवीकडून ०.४० समांतर, म्हणजे ०.१५३८. निगेटिव्हसाठी ०.२७ आणि ०.४२, म्हणजे ०.१६४३. झिरोसाठी ०.१० आणि ०.५५, म्हणजे ०.०८४६. जनरेटरचा ०.०५ यात कुठेच नाही. प्रोग्रॅमने बस मॅट्रिक्स उलटा करून हेच तीन आकडे दिले.

७ मार्च

पहिले निकाल, बस २ वर. तीन फेजना आर, वाय, बी म्हटलंय.

तिन्ही फेज एकत्र: ६.५० पर युनिट, २८४३ अँपिअर. आर फेज जमिनीला (भूदोष): तिन्ही जाळी एकामागे एक, ३ भागिले ०.४०२८, म्हणजे ७.४५ पर युनिट, ३२५८ अँपिअर. वाय-बी फेज एकमेकांना: पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह जाळी समोरासमोर, ५.४४ पर युनिट, २३८१ अँपिअर. वाय-बी दोन्ही जमिनीला: प्रत्येक फेजमध्ये ७.२७, आणि जमिनीतून ९.४४ पर युनिट, ४१३१ अँपिअर.

तिन्ही फेजचा फॉल्ट सर्वांत जबर असतो, असं मनात घट्ट बसलेलं असतं. इथे एका फेजचा भूदोष त्याहून मोठा निघाला, कारण थेट जमिनीला जोडलेला न्यूट्रल शेजारीच आहे आणि झिरोचा रिअ‍ॅक्टन्स पॉझिटिव्हच्या निम्म्याच्या जवळपास आहे. ब्रेकरची क्षमता फक्त तीन-फेजी आकड्यावरून ठरवली तर ती अशा बसवर कमी पडेल.

आर फेजच्या भूदोषात वाय आणि बी चं व्होल्टेज ०.९४३ राहतं. न्यूट्रल उघडा असता तर तेच १.७३ पर्यंत चढलं असतं आणि इन्सुलेशनवर सगळा भार आला असता. न्यूट्रल जोडला की करंट वाढतो, सोडला की व्होल्टेज वाढतं. आता ही ओढाताण आकड्यांत समोर आहे.

फॉल्ट लाइनच्या बरोब्बर मध्यावर नेऊन बघितला. तिथे तीन-फेजी ६.१५ आणि आर-जमीन ६.०३. लाइनचा ०.४५ आड आला आणि क्रम उलटला.

१० मार्च

फॉल्ट बस १ वर, जनरेटरच्या टर्मिनलवर. इथे डेल्टामुळे झिरो सिक्वेन्सला फक्त जनरेटरचाच न्यूट्रल उपलब्ध. न्यूट्रल थेट जमिनीला असेल तर आर-जमीन १०.२२, तीन-फेजी ८.६७. म्हणून न्यूट्रलमध्ये ०.०५ चा रिअ‍ॅक्टर घातला आणि प्रोग्रॅमने ८.७३ दिलं.

उत्तर पटण्यासारखं होतं. कमी झालंय, तीन-फेजीच्या जवळ आलंय. तसाच पुढे जात होतो, पण हाताने एकदा करून पाहावं म्हणून वही उघडली आणि आकडा ६.७६ आला.

कारण सापडायला वेळ लागला नाही. न्यूट्रलमधून तिन्ही फेजचे झिरो करंट एकत्र वाहतात, म्हणजे तिप्पट. तिथला व्होल्टेज ड्रॉप तिप्पट करंटचा. झिरोचं जाळं एका फेजचं असल्यामुळे त्यात ०.०५ ऐवजी ०.१५ घालावा लागतो. मी रिअ‍ॅक्टर तसाच जोडला होता. फॉल्टच्या स्वतःच्या रेझिस्टन्सलाही हाच नियम लागू, तोही तिप्पट झाला पाहिजे. दोन्हीकडे दुरुस्ती केली.

आणखी एक चाचणी लिहून ठेवली: जनरेटरचा न्यूट्रल रिअ‍ॅक्टर शून्यापासून ०.५ पर्यंत काहीही केला तरी बस २ च्या भूदोषाचं उत्तर जराही हलता कामा नये. हललं नाही. डेल्टा आपलं काम करतोय.

१३ मार्च

सरांना निकाल दाखवले. त्यांनी सगळे आकडे शांतपणे वाचले आणि एकच विचारलं, “बस २ वर आर फेज जमिनीला गेला, तर जनरेटरच्या बाजूच्या तीन तारांत किती करंट आहे?”

मी प्रोग्रॅम चालवला. आर मध्ये ३.०४, वाय आणि बी मध्ये प्रत्येकी १.५२.

ते म्हणाले, “डेल्टाचं चित्र काढा आणि तारा मोजा.”

चित्र काढलं. स्टारच्या बाजूला प्रामुख्याने आरच्या वाइंडिंगमध्ये करंट आहे. म्हणजे डेल्टाच्या बाजूला त्याच्या जोडीच्या एकाच वाइंडिंगमध्ये मोठा करंट. ते वाइंडिंग दोन तारांच्या मध्ये आहे. करंट एका तारेतून येणार, दुसरीतून जाणार. तिसऱ्या तारेचा या व्यवहाराशी जवळजवळ संबंधच नाही. आणि माझा प्रोग्रॅम तिन्ही तारांत भरघोस करंट दाखवत होता.

फॉल्टच्या जागचे सगळे आकडे बरोबर होते, हे मला सर्वांत जास्त लागलं. फॉल्टच्या जागी पाहत राहिलो असतो, तर ही चूक कधीच दिसली नसती.

संध्याकाळी कारण कळलं असं वाटलं. डेल्टा-स्टार जोडणीत दोन्ही बाजूंच्या फेजरमध्ये ३० अंशांचा फरक असतो आणि तो मी घातलाच नव्हता. डेल्टाच्या बाजूला नेताना दोन्ही सिक्वेन्सचे करंट ३० अंशांनी पुढे फिरवले. पुन्हा चालवलं. ३.०४, १.५२, १.५२. काहीच बदललं नाही.

१४ मार्च

सकाळी सहा वाजता उठून बसलो, कारण उत्तर झोपेतच अर्धं सुचलं होतं. दोन्ही सिक्वेन्स एकाच दिशेने फिरवले तर सगळं चित्रच जसंच्या तसं फिरतं, लांबी कोणाचीच बदलत नाही. मॅग्निट्यूड तेच राहणार. फिरवायचे आहेत ते उलट दिशांना: पॉझिटिव्ह ३० अंश पुढे, निगेटिव्ह ३० अंश मागे. क्रम उलटा झाला की जोडणीमुळे येणारा कोनही उलटा होतो.

एक चिन्ह बदललं. आर मध्ये २.६३, बी मध्ये २.६३, वाय मध्ये ०.०१७.

आता सिक्वेन्स बाजूला ठेवून फक्त अँपिअर-टर्नवरून (करंट गुणिले वेढे) हेच काढून बघितलं. डाव्या ट्रान्सफॉर्मरच्या स्टारमध्ये आर फेजला ५.१४ आणि वाय, बी ला साधारण ०.५८. डेल्टाच्या वाइंडिंगमध्येही पर युनिटमध्ये हेच. तारेतला करंट म्हणजे शेजारच्या दोन वाइंडिंगमधला फरक, भागिले √३. (५.१४ − ०.५८) ÷ १.७३२ = २.६३. सिक्वेन्सचं नावही न घेता तोच आकडा. हा क्षण मला पुरेसा वाटला, अर्धा तास दुसरं काही केलं नाही.

दोन गोष्टी मात्र उरल्या होत्या. पहिली: फॉल्ट आर फेजवर आहे, मग स्टारच्या वाय आणि बी मध्ये ०.५८, म्हणजे २५४ अँपिअर, कुठून आला? कारण वाटणीत आहे. डावा ट्रान्सफॉर्मर फॉल्टच्या जवळ आहे, त्यामुळे झिरो करंटचा ८५ टक्के वाटा त्याच्याकडे जातो, पण पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हचा साधारण ६१ टक्केच. वाटा असमान असला की धडधाकट फेजमधली बेरीज शून्य होत नाही: २.१० वजा १.५२, उरले ०.५८. उजवीकडून बरोब्बर तेवढाच उलट येतो, त्यामुळे फॉल्टच्या जागी वाय चा करंट शून्यच. धडधाकट फेजमधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे करंट वाहतोय आणि फॉल्टला त्याचा पत्ताही नाही. लाइनच्या रिलेला (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या यंत्राला) मात्र तो दिसणार.

दुसरी: तिसऱ्या तारेतला ०.०१७ पूर्ण शून्य का नाही? जनरेटरचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रिअ‍ॅक्टन्स ०.१५ आणि ०.१७ असे वेगळे आहेत, म्हणून डावीकडचे वाटे १.५२८ आणि १.५११ निघतात. त्यांची वजाबाकी तिसऱ्या तारेत दिसते. दोन्ही ०.१५ केले, तिसरी तार शून्य.

वाय-बी फॉल्टही डेल्टापार पाहिला. एका तारेत ३.८५, उरलेल्या दोनांत १.९२. दोनास एक, एक. स्टारच्या बाजूला याच फॉल्टमध्ये ट्रान्सफॉर्मरमधून ३.३३ जातो, तिन्ही फेजच्या फॉल्टमध्ये दोन्ही बाजूंना ४.००. म्हणजे फेज-फेज फॉल्टमध्ये डेल्टाच्या बाजूचा रिले एका तारेत जवळजवळ तीन-फेजीइतका करंट बघतो, तर स्टारच्या बाजूचा रिले बराच कमी. रिलेच्या वेळा एकमेकांत बसवताना हीच जागा अडचणीची, कारण मागचा रिले पुढच्याच्या तुलनेत नेहमीपेक्षा लवकर सुटू शकतो. आणि ओव्हरकरंट एलिमेंट दोनच फेजवर बसवले तर मोठा करंट नेमका तिसऱ्यात असू शकतो.

१८ मार्च

सिक्वेन्स न वापरता सरळ तीन फेजमध्ये सगळं सोडवून पडताळणी. प्रत्येक घटकाचा तीन बाय तीनचा मॅट्रिक्स केला. जनरेटरच्या मॅट्रिक्समध्ये कर्णावर ०.१२३ चा रिअ‍ॅक्टन्स, आणि बाजूच्या जागी ऋण ०.०३७ रिअ‍ॅक्टन्ससोबत ०.००५८ चा वास्तव भाग आला. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. मॉडेलमध्ये कुठेही रेझिस्टन्स नसताना रेझिस्टन्ससारखा दिसणारा आकडा! ही फिरत्या यंत्राची खूण आहे. आर कडून वाय कडे आणि वाय कडून आर कडे जाणारं कपलिंग सारखं नाही, कारण रोटर एकाच दिशेने फिरतो. स्थिर लाइन किंवा ट्रान्सफॉर्मरला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वेगळे असूच शकत नाहीत.

निकाल दोन्ही पद्धतींनी दहाव्या दशांशापर्यंत जुळले.

२४ मार्च

गेले काही दिवस टाइम डोमेन, म्हणजे करंट क्षणाक्षणाने काढणं. सोर्स, लीकेज रिअ‍ॅक्टन्स, लाइन, सगळं डिफरन्शियल समीकरणांत. साध्या इंडक्टरमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वेगळे ठेवता येत नसल्यामुळे दोन्ही ०.१५ धरले. त्यामुळे बस २ च्या भूदोषाचं अपेक्षित उत्तर आता ७.६५.

पहिल्या चालीत वेव्ह पूर्णपणे एका बाजूला सरकली आणि तिथेच राहिली. व्होल्टेज शून्यातून जाताना फॉल्ट टाकला होता, त्यामुळे डीसी ऑफसेट सर्वांत मोठा. रेझिस्टन्स शून्य असल्याने तो ओसरणार तरी कसा. सगळीकडे रिअ‍ॅक्टन्सच्या पंधराव्या भागाइतका रेझिस्टन्स घातला. टाइम कॉन्स्टंट ४८ मिलिसेकंद झाला आणि वेव्ह हळूहळू मध्यावर आली. पहिलं शिखर एसी भागाच्या शिखराच्या सुमारे १.८१ पट, म्हणजे १९.६ पर युनिट. ब्रेकर आणि बसबारला यांत्रिक धक्का बसतो तो या आकड्याचा. सिक्वेन्सच्या गणितातून तो थेट मिळत नाही, वेगळा काढावा लागतो.

एका सायकलचा फूरिए काढून तुलना करताना सुरुवातीला उत्तर डोलत होतं. ओसरता डीसी त्यात झिरपतो. दहा सायकल थांबून मोजलं: ७.६३. रेझिस्टन्स धरून सिक्वेन्सचं उत्तरही ७.६३. डेल्टाच्या तारांत २.७१, २.७१, आणि तिसऱ्या तारेत सपाट रेघ. स्क्रीनवरची ती सपाट रेघ मी जपून ठेवली आहे.

२७ मार्च

लाइनचा झिरो सिक्वेन्स तिप्पट धरला होता, तो आता तारांच्या मांडणीवरून काढला. तिन्ही तारा आडव्या ओळीत, ४ मीटरच्या अंतराने, तारेचा जीएमआर (गणितात धरायची समतुल्य त्रिज्या) १ सेंटिमीटर, वर अर्थ वायर नाही. परतीचा करंट जमिनीतून, तोही वरवर नाही. जॉन कार्सन यांच्या १९२६ च्या कामातून निघणाऱ्या सूत्राने १०० ओहम-मीटरच्या जमिनीत, ५० हर्ट्झला, परतीची समतुल्य खोली सुमारे ९३१ मीटर येते. ती खोली धरली की पॉझिटिव्ह ०.३९१ ओहम प्रति किलोमीटर, झिरो १.३७ ओहम. गुणोत्तर ३.५. शिवाय जमीन झिरोमध्ये ०.१४८ ओहम प्रति किलोमीटरचा रेझिस्टन्स घालते, तार कितीही जाड असली तरी.

माझी लाइन म्हणजे साधारण ६७ किलोमीटर, आणि झिरो ०.४५ ऐवजी ०.५३. बस २ वर भूदोष ७.४५ वरून ७.४२ झाला, पण लाइनच्या मध्यावर ६.०३ वरून ५.८१. साडेतीन टक्क्यांहून जास्त, फक्त एका गृहीतकामुळे. फॉल्टचं अंतर ओळखणाऱ्या डिस्टन्स रिलेचा पल्ला याच गुणोत्तरावर बेतलेला असतो, म्हणून ते मोजून घेतलेलं बरं.

१ एप्रिल

आतापर्यंत लाइन ट्रान्सपोज केलेली (वाटेत तारांच्या जागा पाळीपाळीने बदललेल्या) धरली होती. आडव्या ओळीत मधल्या तारेचे शेजारी ४ मीटरवर, पण कडेच्या दोन तारा एकमेकींपासून ८ मीटरवर. फरक ०.०४३६ ओहम प्रति किलोमीटर. ट्रान्सपोज न करता सिक्वेन्समध्ये नेलं तर मॅट्रिक्स कर्णावर उरत नाही. पॉझिटिव्ह करंट निगेटिव्ह व्होल्टेज तयार करतो, ०.०२९ ओहम प्रति किलोमीटर, म्हणजे पॉझिटिव्ह रिअ‍ॅक्टन्सच्या ७.४ टक्के. झिरोत त्याच्या निम्मं. तीन जाळी आता एकमेकांना स्पर्श करतात आणि त्यांना एकामागे एक किंवा समांतर जोडणं फक्त अंदाज ठरतं.

तीन फेजचा प्रोग्रॅम १८ मार्चपासून तयार आहे, त्यात ही लाइन तशीच बसते. उद्या आर फेजचा फॉल्ट टाकून डेल्टापलीकडची तिसरी तार बघायची. या वेळी तिथे शून्य येणार नाही, आणि जे येईल ते वाय फेजवर फॉल्ट टाकल्यावर वेगळं असेल, कारण वाय मधली तार आहे. तिन्ही फेजवर पाळीपाळीने फॉल्ट टाकून तक्ता करणार आहे.